नव्या चादरींचा दिवस

दिव्यांगांच्या निवासी संस्थेत तपासणी येणार असली की ती बहुतेक वेळा आदल्या दिवशीच कळते. कुठून तरी फोन येतो. मग आवार झाडून निघतं, पेटीतल्या नव्या चादरी बाहेर येतात, मुलांचे केस कापले जातात आणि जेवणात गोडाचं काहीतरी होतं. साहेब येतात. हजेरीपट, किर्द, साठ्याची वही, आहाराचा तक्ता बघतात, चार खोल्यांतून चक्कर मारतात, दोन मुलांना नाव विचारतात, चहा घेतात, शेरा लिहितात आणि गाडीत बसतात. शेरा बहुधा ‘समाधानकारक’ असतो. संध्याकाळी चादरी परत पेटीत जातात. सगळ्याच संस्था अशा नसतात, हे मला ठाऊक आहे. पण अशा ठिकाणी नोकरी केलेल्या कुणाही आयाबाईला किंवा विशेष शिक्षकाला एकट्याला गाठून विचारा, नव्या चादरींचा दिवस त्यांच्या ओळखीचा असतो.

गेल्या तीसेक वर्षांत महाराष्ट्राला हादरवून गेलेली अशा संस्थांमधली मोठी प्रकरणं या शेऱ्यांतून बाहेर आली नाहीत. कुठे कार्यकर्त्यांनी आरडाओरडा केला, कुठे वर्तमानपत्रात बातमी आली, कुठे न्यायालयाने नेमलेली समिती आत शिरली. शेरा लिहिणारे सगळे विकले गेले होते असं माझं म्हणणं नाही. त्यांना जे बघायला सांगितलं होतं ते त्यांनी बघितलं. तपासणीचा नमुना भिंती, भांडी आणि पावत्या विचारतो. तिथे राहणाऱ्या माणसाला काय सांगायचं आहे, याला त्यात बहुधा रकानाच नसतो. या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणं त्या नसलेल्या रकान्याविषयी आहेत.

हे पुस्तक वाडीत आकाराला आलं, आणि ते वाडीतच का सुरू झालं हे सांगायला हवं. नागपुरातून अमरावती रोडने निघालं की विद्यापीठाचा परिसर मागे टाकून आपण वाडीत येतो. अंबाझरीची आयुध निर्माणी, ट्रान्सपोर्टची गोदामं, दिवसरात्र उभे असलेले ट्रक, दत्तवाडीची दाट वस्ती. कामासाठी बाहेरगावाहून येऊन इथे स्थिरावलेली कुटुंबं भरपूर. आजी-आजोबा गावी, बाप ट्रकवर नाहीतर गोदामात, आई कुठे धुण्याभांड्याला, कुठे पॅकिंगला. अशा घरात बौद्धिक दिव्यांग मूल असलं तर ते आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत कसंबसं निभावतं. पुढे त्याला दिवसभर कुलूप लावून ठेवायचं की संस्थेत घालायचं, एवढेच दोन पर्याय उरतात. संस्थेत घालणाऱ्या आईबापाला लोक निर्दय म्हणतात. मी त्यांना तसं म्हणू शकत नाही.

९ एप्रिल २०२१च्या रात्री वाडीतल्या एका खासगी कोविड रुग्णालयाला आग लागली आणि चार रुग्ण दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली होती. त्या दिवसांत वाडीत चहाच्या टपरीवरसुद्धा फायर ऑडिटची चर्चा होती. तेव्हा एका आईने विचारलेला प्रश्न ऐकणाऱ्या कुणालाच झटकता आला नाही. “माझा पोट्टा जिथं राहते ना जी, तिथं रात्री बाहेरून कडी लावतेत. आग लागली तं कोण उघडन?” तिला एरवाडी माहीत नव्हती. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडी गावी मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि २८ माणसं जळून मेली. त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला सरळ मनाई आली. बाहेरून लावलेल्या कडीबद्दल त्या कलमात काही नाही. पण आतल्या माणसासाठी आगीच्या वेळी कडी काय आणि साखळी काय.

त्या बाईच्या प्रश्नानंतर काही पालक, दोन विशेष शिक्षिका, एक निवृत्त परिचारिका आणि एक वकील असे आम्ही एकत्र बसू लागलो. सामान्य माणसाने अशा संस्थेत जायचं तर काय बघायचं, कुणाशी बोलायचं, संशय आला तर पुढे काय करायचं, एवढंच आधी ठरवायचं होतं. मग जुनी प्रकरणं वाचणं आलं, आणि वाचता वाचता आपल्या राज्याचा इतिहास समोर उभा राहिला.

सुरुवात शिरूरपासून करावी लागते. १९९४च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात किमान अकरा मुलींची गर्भाशयं काढण्यात आली. त्या शिरूरच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या मतिमंद मुली होत्या. हे चोरीछुपे झालं नव्हतं. सरकारी खात्याला ठाऊक होतं, रुग्णालय सरकारी होतं, शस्त्रक्रियेसाठी मुंबईहून नावाजलेले स्त्रीरोगतज्ज्ञ आले होते. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता या मुलींना जमत नाही, असं कारण दिलं गेलं. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण यात कुणी राक्षस नाही. मुलींना दर महिन्याला कपडा बदलायला मदत करायची तर पुरेशा आया हव्यात, न्हाणीघरात पाणी हवं, कापडाचा साठा हवा, शिकवायला धीर हवा. बऱ्याच मुली शिकवल्यावर हे स्वतः करू शकतात, हे विशेष शिक्षिका रोज अनुभवतात. यातलं काही पुरवण्यापेक्षा शरीराचा एक अवयव काढून टाकणं व्यवस्थेला सोपं वाटलं, आणि ते करताना आपण मुलींचं भलंच करतो आहोत अशी सगळ्यांची समजूत होती. या मुलींवर अत्याचार झाला तर निदान गर्भ राहणार नाही, असंही तेव्हा बोललं गेलं. त्यावर कार्यकर्त्यांनी जे उत्तर दिलं ते आजही प्रत्येक तपासणी अधिकाऱ्याच्या कानावर घालायला हवं: गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, त्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो. पालक म्हणून सही करणारं सरकारच असेल, तर मुलीच्या बाजूने बोलणार कोण, हा प्रश्न शिरूरने उभा केला. २००९ साली चंदीगडच्या नारी निकेतनमधल्या एका बौद्धिक दिव्यांग तरुणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असं स्पष्ट केलं. तीही संस्थेतच अत्याचाराला बळी पडली होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्याने वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करायला बंदी घातली गेली. शिरूरच्या मुलींना या ओळीचा काही उपयोग नव्हता. ती येईपर्यंत बावीस वर्षं गेली.

दुसरं नाव कवडासचं. ठाणे जिल्ह्यातल्या या ठिकाणच्या मतिमंद मुलांच्या संस्थेत पाच मुलं उपासमारीने आणि कुपोषणाने दगावल्याची आणि मुलांचं लैंगिक शोषण झाल्याची बातमी २०१० साली वर्तमानपत्रात आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीवरूनच स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली आणि राज्यभरातल्या मतिमंद बालगृहांकडे पहिल्यांदाच सलगपणे कुणीतरी बघायला लागलं.

भुकेने माणूस एका दिवसात मरत नाही. आधी वजन उतरतं, मग वारंवार जुलाब, मग अंगावर सूज, त्वचेला भेगा, मग न्यूमोनिया. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियाच लिहिला जातो. म्हणून आमच्या परिचारिकाबाईंनी या पुस्तकात वजनकाट्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि माझ्या मते पुस्तकातलं ते सगळ्यात मोलाचं प्रकरण आहे. वजनाची वही मागायची. तिच्यात चाळीस मुलांची वजनं एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसली, दर महिन्याला सगळ्यांचं नेमकं अर्धा किलोच वाढलेलं दिसलं, तर वही बाजूला ठेवायची आणि काटा मागायचा. काटा धुळीने माखलेला असतो, कधी त्यातले सेल गेलेले असतात. मग पाच मुलांना आपल्यासमोर उभं करायचं. जो उभा राहू शकत नाही त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढायचं, आणि नंतर कडेवर घेणाऱ्याचं वजन वजा करायचं. वहीतला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत सहा किलोंचा फरक निघाला, तर त्या संस्थेच्या धान्याच्या पावत्या कितीही चोख असोत, तिथे मुलं उपाशी आहेत. ज्या मुलाला स्वतः घास घेता येत नाही त्याला भरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एका बाईच्या वाट्याला अशी दहा मुलं असली तर हिशेब आपोआप कळतो. डाळ-तांदूळ कोठीत असतो, तो मुलाच्या पोटापर्यंत पोचवणारे हात कमी पडतात.

कवडासच्या निमित्ताने सुरू झालेल्या पाहणीतून पुढे पनवेलजवळच्या कळंबोलीचं प्रकरण बाहेर आलं. तिथल्या संस्थेतल्या मतिमंद मुलींवर संस्था चालवणाराच अत्याचार करत होता. मार्च २०१३मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. उच्च न्यायालयात पुढे फाशी टिकली नाही. शिक्षेच्या आकड्यापेक्षा मला त्या खटल्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या मुलींचं बोलणं कुणी ऐकण्याच्या लायकीचं समजत नव्हतं, त्यांच्या सांगण्याला न्यायालयात वजन आलं. दिव्यांग साक्षीदाराची साक्ष केवळ ती दिव्यांग आहे म्हणून कमजोर धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी पतन जमाल वली खटल्यात निःसंदिग्धपणे लिहिलं. त्या खटल्यातली पीडित तरुणी जन्मांध होती. पुराव्याच्या कायद्यात तर पूर्वीपासून तरतूद आहे की बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुणेने किंवा लिहून दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानायची. पोलीस ठाण्यात मात्र अजूनही “साहेब, त्याला काही समजत नाही” या एका वाक्यावर तक्रार परत पाठवली जाते.

इथे आपण या पुस्तकाच्या गाभ्याशी येतो. तपासणी करायची म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसाशी, त्याच्या रीतीने, संस्थेच्या माणसांच्या नजरेआड बोलायचं. हे ऐकायला साधं वाटतं, पण याच एका गोष्टीला सगळ्यात जास्त विरोध होतो. “तो बोलत नाही हो”, “ती घाबरते नव्या माणसाला”, “मी सांगते ना त्याच्या वतीने”. बिहारमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्याच ‘कोशिश’ या गटाने राज्यातल्या निवारागृहांची सामाजिक पाहणी केली. त्यांचा भर आत राहणाऱ्यांशी मोकळेपणी बोलण्यावर होता. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातलं जे भयानक वास्तव २०१८ साली देशासमोर आलं, ते त्या पाहणीच्या अहवालातून आलं. त्याआधी त्या गृहाच्या पायऱ्या अधिकारी चढत नव्हते असं नाही.

बोलू न शकणारं माणूसही सांगत असतं. हात नुसता वर केला तरी डोकं खाली घालणारं मूल. एका विशिष्ट माणसाची ड्यूटी असली की अंथरुण ओलं करणारी मुलगी. पोळी उशीखाली लपवणारा पंचवीस वर्षांचा तरुण. न्हाणीघराकडे न्यायला लागलं की पाय रोवून उभं राहणारं कुणी. यातली कुठलीही एक खूण म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे, आणि उतावळेपणाने निष्कर्ष काढू नका असं आमच्या वकिलांनी जागोजागी बजावलं आहे. पण खूण दिसली की परत जायचं, वेगळ्या वेळी जायचं, जेवणाच्या वेळी, रविवारी, रात्री नऊनंतर. आणि दुभाषा बाहेरून न्यायचा. संस्थेतल्याच शिक्षकाने मुलाच्या खुणांचा अर्थ सांगितला, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्याच्याच तोंडून आपण तक्रार ऐकतो. अनेक कर्णबधिर मुलांची खुणांची भाषा त्या घरापुरती किंवा त्या संस्थेपुरती असते. त्यांच्यासाठी चित्रांचे पत्ते, बाहुल्या, खोल्यांचा साधा नकाशा लागतो. यावर आमच्या शिक्षिकांनी लिहिलेलं प्रकरण सावकाश वाचा. त्यातले पत्ते कापून वापरता येतील असे छापले आहेत.

वाडीतली एक आई मुलाला भेटायला जाताना पिशवीत नेलकटर नेते. खाऊच्या आधी ती त्याची नखं कापायला बसते. तेवढ्या वेळात तिचं सगळं बघून होतं. नखं किती वाढली, खाली काय साचलं आहे, मनगटाला वळ आहे का, कोपराच्या आतल्या बाजूला चिमटे काढल्याचे काळे-निळे डाग आहेत का, बोटं धरल्यावर तो हात ओढून घेतो का. मग ती त्याला न्हाऊ घालते आणि पाठ, मांड्या, टाचा बघते. बिछान्यावर पडून राहणाऱ्या माणसाला पाठीच्या माकडहाडाजवळ आणि टाचांना आधी जखम होते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकातली शरीरपाहणीची सूची तिच्या नेलकटरवरून सुरू झाली. परिचारिकाबाईंनी तिच्यात पुढे भर घातली: झोपेच्या गोळ्यांची नोंद, दिवसाढवळ्या पेंगणारी मुलं, दातांची अवस्था, एकाच टॉवेलने सगळ्यांना पुसल्यावर सगळीकडे पसरणारी खरूज.

आता काळजीवाहकांविषयी. अशा पुस्तकात त्यांना खलनायक करणं फार सोपं होतं आणि आमच्यातल्या काहींचा सुरुवातीचा सूर तसाच होता. पण रात्रपाळीला एकटी बाई तीस-चाळीस मुलांमागे असते, पगार तुटपुंजा आणि तोही अनुदान आल्यावर, प्रशिक्षण शून्य. अशा ठिकाणी चांगल्या माणसाचाही हात उठायला वेळ लागत नाही. म्हणून उठलेला हात माफ होतो असं मी म्हणत नाही. मार तो मारच. पण मारणाऱ्या बाईला काढून तिच्या जागी तशीच थकलेली दुसरी आणली, तर मुलाच्या आयुष्यात फरक काय पडला? शिवाय आत काय चाललं आहे हे सगळ्यात जास्त याच माणसांना ठाऊक असतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक दिव्यांग रुग्णांचा छळ चालला होता. तिथल्या एका परिचारकाने आधी व्यवस्थापनाकडे, मग सरकारी नियामकाकडे लेखी कळवलं. काही हाललं नाही. शेवटी बीबीसीच्या बातमीदाराने नोकर म्हणून आत शिरून छुपं चित्रीकरण केलं आणि ते ३१ मे २०११ला दाखवलं गेलं. अकरा कर्मचाऱ्यांना दोषी ठरवलं गेलं, सहा तुरुंगात गेले, रुग्णालय बंद झालं. आत तक्रार करणारा माणूस होता, त्याचं कुणी ऐकलं असतं तर कॅमेऱ्याची वेळच आली नसती. म्हणून आया, स्वयंपाकी, चौकीदार यांच्याशी कसं बोलायचं आणि त्यांची नोकरी धोक्यात न घालता त्यांचं सांगणं कसं नोंदवायचं, यावर आम्ही भर दिला आहे.

कायद्याचं प्रकरण मुद्दाम छोटं ठेवलं आहे. कायदे पुरेसे आहेत. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७खाली कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे साधारणपणे तहसीलदाराकडे, अत्याचाराची माहिती देऊ शकतो. त्यासाठी नातेवाईक असावं लागत नाही. कलम ९२खाली, ताब्यातल्या दिव्यांग माणसाला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेचा गुन्हा आहे. अठराखालच्या मुलांच्या लैंगिक शोषणाच्या बाबतीत पॉक्सो कायदा लागू होतो आणि तिथे तर माहिती असून न कळवणं हाच गुन्हा ठरतो. नोंदणी नसलेली संस्था चालवता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत दिव्यांग व्यक्तीचा जबाब नोंदवताना विशेष शिक्षक किंवा दुभाषा मिळण्याचा आणि त्याचं चित्रीकरण होण्याचा अधिकार आहे. राज्यात दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं डिसेंबर २०२२पासून आहे. तरीही एकीकडे मतिमंद बालगृहं महिला व बालविकासकडे आणि निवासी विशेष शाळा दिव्यांग कल्याणकडे, अशी वाटणी असल्यामुळे तक्रारीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. कोणत्या संस्थेसाठी कुठे जायचं याचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी आहे.

अठरा वर्षांच्या उंबरठ्यावर काय होतं, हा आमच्यासाठी सगळ्यात कठीण प्रश्न ठरला. बालन्याय कायद्याच्या नजरेत अठरावं लागलं की मूल मोठं. ज्याला स्वतःची चड्डी घालता येत नाही तो एका रात्रीत मोठा कसा होणार? अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना वाढवलं, बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं आणि अठरानंतरही त्यांना घराबाहेर काढलं नाही. अशा मुलांना आजन्म आपल्या संस्थेत राहता यावं असा कायदा करा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मानसकन्या माला पापळकर ही दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. वझ्झर आमच्या वाडीहून फार लांब नाही, आणि चांगली संस्था कशी असते असं कुणी विचारलं की आम्ही तिकडे बोट दाखवतो. तरी एका माणसाच्या जिवावर उभ्या राहिलेल्या घराकडे बघून राज्याने आपली जबाबदारी पार पडली असं समजू नये. अठरानंतर मुलं नेमकी कुठे जातात, याची नोंद प्रत्येक तपासणीत मागा. ‘पालकांच्या ताब्यात दिले’, ‘पळून गेला’, ‘अन्यत्र हलवले’ या तीन शेऱ्यांपुढे पत्ता आणि सही नसेल तर तिथेच थांबा.

आणि शेवटी पालकांची भीती. आम्ही ज्या ज्या पालकांशी बोललो त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. तक्रार केली आणि त्यांनी पोराला घरी पाठवलं, तर मी कामावर जाऊ कशी? वळ दिसले तरी माणसं गप्प बसतात ती यामुळे. संस्था बंद पाडणं हे तपासाचं यश समजणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत काय झालं ते वाचावं. तिथल्या गाउटेंग प्रांताच्या सरकारने खर्च वाचवायला लाइफ एसिदिमेनी या संस्थेतले मनोरुग्ण आणि बौद्धिक दिव्यांग घाईघाईने काढून, धड परवाना आणि सोयी नसलेल्या छोट्या संस्थांमध्ये पाठवले. २०१६ आणि त्यानंतरच्या काळात १४४ माणसं मेली, बरीचशी भुकेने, तहानेने आणि हेळसांडीने. कित्येकांच्या घरच्यांना आपलं माणूस कुठे नेलं हेही माहीत नव्हतं. आपल्याकडे दिल्लीच्या रोहिणीतल्या ‘आशा किरण’ या सरकारी गृहात जुलै २०२४ या एका महिन्यात डझनाहून अधिक जण दगावले, तेव्हा तिथे क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली होती. एक जागा बंद केली की दुसरी अशीच फुगते. म्हणून तक्रार लिहितानाच या माणसाने आज रात्री कुठे झोपायचं याची मागणी त्याच कागदावर लिहा, असा आमचा आग्रह आहे.

वाडीसाठी आमची मागणी स्पष्ट आहे. नगर परिषदेला आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवणं आणि त्यांच्यावरच खर्च करणं बंधनकारक आहे. त्या निधीतून वाटलेली मदत घरोघरी पोचावीच, तिच्यावर आमचा आक्षेप नाही. पण त्याच निधीतून वाडीत एक दिवसभराचं केंद्र उभं राहू शकतं. सकाळच्या पाळीला जाणारी आई मुलाला सोडून जाऊ शकेल आणि संध्याकाळी घेऊन जाऊ शकेल असं ते असावं. घरात कुणी आजारी पडलं तर रात्रीपुरत्या दोन-चार खाटा असाव्यात, दाराला आतून उघडणारी कडी असावी आणि भेटीला येणाऱ्यासाठी कुठलीही ठरलेली वेळ नसावी. असं केंद्र असेल तर मुलाला कायमचं दूर ठेवण्याची गरज कितीतरी घरांना पडणार नाही, आणि ज्यांना पडेल ते निदान बिनधास्त तक्रार करू शकतील. या मागणीच्या अर्जाचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे. वाडीतल्या वाचकांनी तो भरून मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा आणि आवक-जावक टेबलावरून तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्यायला विसरू नये.